सुरतहून आलेल्या मुली, वर्गातलं हसणं आणि इन्स्टाग्राम

बोरीकाठ
अमळनेर तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथे नववीच्या वर्गात यंदा तीन मुली सुरतहून आल्या आहेत. लिंबायत-उधना भागात वाढलेल्या. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळा गुजराती माध्यमाची. मूळ गाव इथलंच, तरी वर्गात त्यांना 'सुरतवाल्या' म्हणतात. त्यांतली एक मुलगी धडा वाचत असताना एका मुलाने चोरून रेकॉर्डिंग केलं आणि हसण्याच्या आवाजासकट रील टाकलं. तेव्हापासून ती वाचायला उभी राहत नाही. इन्स्टाग्रामवर तिची दोन खाती आहेत: एक इथल्या मुलींसाठी, एक सुरतच्या मैत्रिणींसाठी. हे कळल्यावर आईवडील फोन काढून घ्यायच्या बेतात आहेत. रील कसं उतरवायचं? फोन काढून घेऊ द्यावा का? आणि वर्गात नेमकं काय करायचं?

खडूफळा
ताई, आधी रीलचं. क्रम चुकला तर पुरावा जातो, म्हणून आधी पुरावा. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं युजरनेम, तारीख आणि कमेंट दिसायला हव्यात. रीलची लिंकही कॉपी करून ठेवा. युजरनेम कधीही बदलता येतं, मग नुसत्या स्क्रीनशॉटवरून खातं सापडत नाही. मोठ्यांनी त्या रीलखाली रागाने कमेंट करू नये. कमेंट वाढल्या की रील आणखी लोकांना दिसतं.

मग त्या मुलाला एकट्याला बोलावून समोर डिलीट करायला लावा. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर नको, त्यात मुलीचंच नाव पुन्हा चघळलं जातं. डिलीट केलेलं रील 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस पडून असतं आणि तिथून परत आणता येतं. तिथूनही काढलं का, ते बघा. फोनची गॅलरी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर केलेले फॉरवर्डही विचारा.

मुलाने ऐकलं नाही तर रिपोर्ट. तो मुलीनेच आपल्या खात्यावरून करावा. छळ कुणाचा होतोय असं विचारलं तर 'माझा' निवडायचं. छळाच्या काही प्रकारांत जिला त्रास झाला तिनेच सांगणं कंपनीला लागतं, वर्गातल्या चाळीस जणांनी रिपोर्ट केला म्हणून काम लवकर होतं असं नाही.

त्या मुलाला ब्लॉक करण्याऐवजी 'रिस्ट्रिक्ट' करायला सांगा. ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी वर्गात 'मला ब्लॉक केलं' ही नवी चर्चा सुरू होते. रिस्ट्रिक्ट केल्याचं त्याला कळत नाही, तिच्या पोस्टवरची त्याची कमेंट इतरांना दिसत नाही आणि मेसेज वेगळ्या डब्यात जातात.

गिरणाथडी
भाषेचं मी सांगते, कारण हसू नेमकं कशावर येतंय ते शिक्षकाला कळलं तर अर्धं काम होतं.

गुजराती लिपीत शिरोरेषा नाही. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांतला फरक बराचसा शिरोरेषेच्या तुटण्यावर असतो. म्हणून तिथून आलेली मुलगी 'घर'चं 'धर' वाचते. तिला वाचता येत नाही असं नाही, तिच्या डोळ्याला ती खूण शोधायची सवय नाही. या दोन जोड्यांचे वीस-पंचवीस शब्द रोज दहा मिनिटं, सुरुवातीला मोठ्या टायपात, एवढं पुरतं. दुसरं, 'चमचा', 'चाक' यांतला दंततालव्य च गुजरातीत नाही, त्यामुळे ती 'चंद्र'मधलाच च सगळीकडे लावते. तिसरं, अहिराणीत ळ चा य होतो. 'डोळा'चा 'डोया' हा सुरतचा दोषच नाही, तो आपल्या घरचा उच्चार आहे. हसणाऱ्या मुलांच्या आज्याही 'डोया'च म्हणतात.

हे तिसरं वर्गात मोकळेपणाने सांगाच. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही भाषा स्वतंत्र नोंदलेली आहे, बोलणारे साडेअठरा लाखांच्या आसपास. अहिराणी त्यातच येते. मोबाइलवर अहिराणी गाण्यांवर नाचायचं आणि वर्गात 'माले, तुले' म्हणणाऱ्याला गावंढळ ठरवायचं, हे मुलांना दाखवून द्यायला हवं. ती तीन मुलींपेक्षा अख्ख्या वर्गाची गरज आहे.

एक काम सुचवते. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवात किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) प्रत्येकाने घरातल्या बाईकडून एक गाणं फक्त आवाजात रेकॉर्ड करून आणायचं. चेहरा नाही, व्हिडिओ नाही. मग ते वहीत उतरवायचं. सुरतच्या खान्देशी वस्तीतही कानबाई बसते, त्यामुळे या मुलींकडे गाणी असतील. गट चौघींचे करा, प्रत्येक गटात सुरतची एकच. तिघी एका बाकावर राहिल्या तर वर्ग दोन भागांत तुटतो. मात्र मधल्या सुट्टीत त्या एकत्र बसल्या तर बसू द्या.

तापीमाय
फोन काढून घेण्याला माझा ठाम विरोध. त्रास सांगितला म्हणून फोन गेला, असं मुलीला वाटलं की पुढच्या वेळी ती सांगणार नाही. मैत्रिणीच्या फोनवर तिसरं खातं उघडेल.

दोन खाती म्हणजे लबाडी नव्हे. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १३ देशांतल्या पाच हजारांहून जास्त स्थलांतरित किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी ओळख आणि नवा समाज दोन्ही धरून ठेवणारी मुलं सर्वांत चांगली रुळली, आणि ना इकडची ना तिकडची राहिलेल्यांना सर्वांत जड गेलं. तो अभ्यास परदेशी गेलेल्या कुटुंबांचा होता, सुरत-अमळनेरचा नाही. पण सुरतच्या मैत्रिणी तोडायला लावू नका, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

आईवडिलांनी फोन ठेवून करायचं ते असं. दोन्ही खात्यांवरची जन्मतारीख बघा. बऱ्याच मुली दहाव्या-अकराव्या वर्षी मोठं वय टाकून खातं उघडतात, मग अ‍ॅप त्यांना प्रौढ समजतं आणि 'टीन अकाउंट'चं संरक्षण लागतच नाही. खरं वय असलं तर खातं आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणसाचे मेसेज येत नाहीत, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात आणि १६ च्या आतल्या मुलीला हे सैल करायला पालकाची परवानगी लागते. तारीख दुरुस्त करताना ओळखपत्र मागितलं जाऊ शकतं.

बोरीकाठ
खडूफळा, रील डिलीटेडमधूनही काढून घेतलं. पण आता तिच्या पोस्टखालच्या कमेंटमध्ये 'सुरती' आणि त्याहून वाईट शब्द येतायत. अ‍ॅपला ते शिवी वाटत नाहीत.

खडूफळा
वाटणारच नाहीत, अहिराणी त्याला येत नाही. सेटिंगमध्ये 'हिडन वर्ड्स' आहे, तिथे शब्द स्वतः भरायचे. अडचण अशी की तुम्ही भराल तसेच शब्द तो अडवतो. म्हणून प्रत्येक शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, रोमनमध्ये तीन-चार स्पेलिंगांनी भरा. यादी मुलीने करावी, तिलाच माहीत कुठला शब्द लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा वर्गाचा ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' ठेवा. आणि तिचा प्रोफाइल फोटो 'माय कॉन्टॅक्ट्स'पुरता.

तापीमाय
एक वेगळी रेष लक्षात ठेवा. चिडवण्याच्या पलीकडे फोटोत छेडछाड करून तो अश्लील केला किंवा तशी धमकी दिली, तर ते वर्गात मिटवायचं प्रकरण नाही. १८ च्या आतल्या मुलीसाठी पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा) कायदा २०१२ लागू होतो आणि माहिती असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, शिक्षकालासुद्धा. तो फोटो 'पुरावा' म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, कुणाला पाठवू नका. खातं, लिंक, वेळ लिहून ठेवा. चाइल्डलाइन १०९८. असे फोटो इंटरनेटवरून काढायची 'टेक इट डाउन' ही सेवा १८ च्या आतल्या वयातल्या फोटोंसाठी आहे: फोटो फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा अंकी ठसा कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या तो फोटो ओळखतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पसरलेलं मात्र त्याने थांबत नाही.

बोरीकाठ
तसं काही नाही, सुदैवाने. घ-ध ची यादी सोमवारपासून फळ्यावर लावते, अख्ख्या वर्गासाठी. कानबाईच्या गाण्यांना किती दिवस द्यावेत?

गिरणाथडी
दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात फक्त रेकॉर्डिंग, मुलांना घरी विचारायलाच चार दिवस जातात. उतरवताना ळ च्या जागी य ऐकू आला तर य च लिहू द्या, दुरुस्त करू नका.