माहिती अधिकार : ग्रामपंचायतीने उशिरा पत्र पाठवून पैसे मागितले, पुढे काय करावं?

बांधावरचा
गावातल्या सिमेंट रस्त्याची 'सर्व कागदपत्रे' मागणारा अर्ज ग्रामपंचायतीत दिला होता. महिना उलटल्यावर पत्र आलं : माहिती विस्तृत आहे, आधी शुल्क भरा, ठेकेदाराची बिलं वैयक्तिक असल्याने देता येत नाहीत. ग्रामसेवक तोंडी म्हणतात, "कशाला हवंय ते सांगा." अपील करू, नवा अर्ज टाकू, की थेट राज्य माहिती आयोगाकडे जाऊ? जाणकारांनी सांगावं.

जुनी फाईल
अपील करा, पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. जोडपत्र 'ब' (अपिलाचा नमुना), २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अपिलीय अधिकारी कोण, हे नकाराच्या पत्रातच लिहिलेलं असायला हवं. ग्रामपंचायतीसाठी बहुधा पंचायत समितीचे विस्तार अधिकारी असतात.

कारण सांगायची गरज नाही, माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२). अर्ज पोचल्यापासून ३० दिवसांत काहीच कळवलं नसेल तर ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते. म्हणून पत्राचं पाकीट जपून ठेवा. जावक नोंदीत मागची तारीख टाकता येते, टपालाच्या शिक्क्यावर नाही. आणि सरकारी पैशातून झालेल्या कामाचं बिल वैयक्तिक कसं? अपिलात ८(२), म्हणजे व्यापक जनहिताचं कलम, जरूर लिहा.

तिरकस
अपील हवंच, पण सोबत नवा अर्जही द्या. 'सर्व कागदपत्रे' मागितली की त्यांना पळवाट मिळते. नाव घेऊन मागा : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची वही), देयकं, पूर्णत्वाचा दाखला. विषय एकच, शब्द १५० च्या आत. महाराष्ट्राचा तसा नियमच आहे. 'रस्ता का उखडला' असं विचारू नका, कागद मागा.

माझं मत विचाराल तर आधी अभिलेख, म्हणजे मूळ कागदपत्रं, तिथे जाऊन पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास मोफत असतो. मोजमाप पुस्तिका समोर आली की नेमकी कोणती पानं हवीत ते कळतं, तेवढ्याच प्रती २ रुपये पानाने घ्यायच्या. वित्त आयोगाच्या निधीतलं काम असेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर खर्च आधीच बघून ठेवा.

उंबरठा
एवढं कशाला? कलम १८ खाली आयोगाकडे तक्रार ठोका. रोज २५० रुपये, २५ हजारांपर्यंत दंड!

जुनी फाईल
@उंबरठा, दंड होईलही, पण कागद मिळणार नाहीत. कलम १८ च्या तक्रारीत माहिती देण्याचा आदेश काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलंय. कागद हवे असतील तर कलम १९ चाच रस्ता : आधी पहिलं अपील, मग ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं. तिथे तारीख लवकर लागत नाही, म्हणून पहिल्या अपिलाच्याच सुनावणीला तयारीने जा.

बांधावरचा
पाकीट सापडलं. शिक्का मुदतीनंतरचा आहे! 'अभिलेख आढळत नाही' म्हणाले तर?

तिरकस
ते लेखी घ्या. मग महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करून, अभिलेख गहाळ केल्याबद्दल काय कारवाई केली हे अपिलात विचारा. बऱ्याचदा हरवलेली फाईल तेवढ्यावर सापडते.