मदत हवी आहे: धाकट्या भावाला नेव्हीत जायचंय, काय करावं?

नमस्कार मंडळी, आम्ही मालवणचे. धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झाला, आणि आता अग्निवीर एसएसआरचा (बारावी सायन्सवाल्यांची नेव्हीतली चार वर्षांची खलाशी भरती) फॉर्म भरतो म्हणून हट्ट धरून बसलाय. रोज पहाटे किनाऱ्यावर पळतो, 1.6 किमी साडेसहा मिनिटांत मारायचे असतात ना, ते आता जमायला लागलंय, उठाबशा पुशअप पण चालू आहेत. त्याची मेहनत बघून नाही म्हणवत नाही.

पण चार वर्षांचं काय हो? पहिल्या वर्षी पगार 30 हजार, त्यातले 30 टक्के कापून हातात 21 हजार, शेवटी सेवानिधीचे (हे कापलेले पैसे आणि त्यात सरकारची भर) दहा लाखांच्या आसपास मिळतात पण पेन्शन नाही, आणि बॅचमधल्या जास्तीत जास्त 25 टक्के पोरांनाच पुढे कायम करतात. बाबा म्हणतात बाविसाव्या वर्षी परत घरी येऊन काय करणार, त्यापेक्षा मर्चंट नेव्हीत जा. आता तिकडे कोर्सची फी किती, हे त्यांना कोण सांगणार!

कोणी स्वतः नेव्हीत असेल किंवा घरचं कोणी असेल तर प्लीज खरं खरं सांगा. ओडिशात चिल्काला ट्रेनिंग असतं तिथे पोरं कितपत टिकतात, नंतर जहाजावर गेल्यावर घरी फोन कधी करता येतो, सुट्टी गणपतीला मिळते का (आईचा पहिला प्रश्न हाच), आणि चार वर्षांनी बाहेर पडलेल्याला खरंच नोकरी मिळते का? शिवाय नोकरी करता करता डिग्री होते का तेही सांगा.