मदत हवी आहे: गाडीची उंची कमी (खाली) केल्यावर मागचा टायर घासतोय

चक्रधर
गाडी खाली करून सतरा इंची अलॉय चाकं बसवलीत. दिसते झकास, पण मागे दोघं बसले की प्रत्येक खड्ड्यात टायर घासतो. तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. ज्यांनी काम केलं ते म्हणतात, थोडे दिवस चालवा, घासून घासून जागा होईल. मला पटत नाही. शनिवारी घरच्यांना घेऊन लांब जायचंय. फेंडर (चाकावरचा पत्रा) ठोकून घेऊ का? लवकर सांगा.

नटबोल्ट
स्पेसर टाक, चाकाच्या मागे बसते ती चकती. माझा पुढचा टायर घासायचा, ५ मिमीचे टाकले, दोन वर्षं झाली, आवाज नाही.

पाना_बारा
थांबा. स्पेसरने चाक बाहेर येतं. टायर आत स्ट्रटला (शॉकच्या उभ्या खांबाला) लागत असेल तर उपयोग होतो, बाहेर फेंडरला लागत असेल तर दुखणं वाढतं.
धागाकर्ते, मूळ टायर कोणता? आताचा पूर्ण साइज? रिमची रुंदी, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्टच्या बैठकीचं अंतर)? गाडी किती खाली केली आणि कशाने? घासतो नेमका कुठे?

चक्रधर
लिहिलंय ना, सतरा इंच. मागे घासतो.

निवांत_प्रवासी
नायट्रोजन भरून बघा. हवेचं प्रेशर टिकून राहतं. मी कायम तेच भरतो.

पाना_बारा
काका, इथे हवेचा प्रश्नच नाहीये.
चक्रधर, सतरा हा रिमचा व्यास झाला. टायरचा साइज त्याच्या बाजूवर छापलेला असतो: रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात. ऑफसेट बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला असतो, 'ईटी'च्या पुढचा आकडा.

शॉकअप
मुळात गाडी खाली करायचीच कशाला? स्प्रिंगची उंची कंपनीने भरलेली गाडी धरून ठरवलेली असते. मी अशा गाड्यांचे बंपस्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की आदळतं ते रबर) चेचलेले पाहिलेत, म्हणून तळमळीने सांगतोय.

नटबोल्ट
त्याने तो सल्ला मागितलेला नाही. चांगल्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या तर काही होत नाही.

चक्रधर
गाडीखाली झोपून बघितलं. मूळ १८५/६५ आर१५, रिम ६ जे (६ इंच रुंद), ईटी ४५. आता २१५/५० आर१७, रिम ७.५ जे, ईटी ३५. गाडी ४० मिमी खाली आहे.
टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर पट्टा घासून गुळगुळीत झालाय, नुसता चकाकतोय. लायनरवर (चाकाच्या कमानीतल्या आवरणावर) रबराचा काळा भुगा. फेंडरची कड आत वळते तिथला रंग उडून पत्रा दिसतोय.

पाना_बारा
आता बोलता येईल. मूळ टायरचा व्यास ६२२ मिमीच्या आसपास, तुझा ६४७. म्हणजे टायरचा माथा साडेबारा मिमी वर गेला आणि वरून गाडी ४० खाली आली. मिळून ५२ मिमी जागा गेली. रिमची बाहेरची कड २९ मिमी बाहेर आलीय, १९ रुंदीमुळे आणि १० ऑफसेट कमी झाल्यामुळे. फेंडर ठोकून सुटणारं हे गणित नाही.
आधी टायर बदल. २०५/४५ आर१७ चा व्यास ६१६ भरतो, म्हणजे वर १५ मिमी परत मिळतात. मात्र लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८४ म्हणजे ५००.

वळणवेडा
एवढा खर्च कशाला? निगेटिव्ह कॅम्बर दे, टायरचा माथा आत जातो. माझ्याकडे दीड अंशात काम झालं.

पाना_बारा
तुमच्या मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं) असेल. याच्याकडे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर कॅम्बर बोल्ट लावणार कुठे? शिम (पातळ पाचरी) घालावे लागतील, आणि टायर आतून जास्त झिजेल ते वेगळंच.

चक्रधर
हो, मागे बीमच आहे.

नटबोल्ट
मग फेंडर रोल करून घे, म्हणजे आतली कड वळवून घे. मी करून घेतलाय, कळतही नाही.

पाना_बारा
रोल करायला हरकत नाही, पण टायर बदलून झाल्यावर, लागलंच तर. मागच्या आर्चला (चाकावरच्या कमानीला) दोन पत्रे जोडलेले असतात, मध्ये सीलंट. हीट गनने हाताला चटका बसेल इतका रंग तापवून हळूहळू वळवावं लागतं. घाई केली की रंग तडकतो, सीलंट फुटतं आणि आतून गंज धरतो.

निवांत_प्रवासी
अवांतर: एवढा मोठा टायर असेल तर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ च्या आसपास असेल.

शॉकअप
एक प्रश्न राहिलाच. ४० मिमी खाली कशाने केली?

चक्रधर
स्प्रिंग कापून. दीड वेढा काढला. त्यात काय, सगळे करतात.

शॉकअप
हे आधी सांगायचंस रे. टायर घासतोय ते राहू दे बाजूला. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण खाली लोंबलं की स्प्रिंग मोकळी होते. मोठ्या उंचवट्यावरून उतरताना ती जागची हलू शकते.
आत्ता एक कर. गाडी सपाट जागी घे, पुढच्या चाकांना अडण लाव, मागून जॅकवर उचल, स्टँड दे. चाक लोंबू दे आणि स्प्रिंग हाताने फिरते का बघ.

नटबोल्ट
यात मी शॉकअप यांच्याशी सहमत. कापलेल्या स्प्रिंगवर घरच्यांना बसवू नकोस.

चक्रधर
उचलली. डावी स्प्रिंग दोन बोटांनी गोल फिरली. उजवी वरच्या बैठकीतून अर्धा इंच सुटून खाली आली होती. मुलगा शेजारी टॉर्च धरून उभा होता, त्याने विचारलं, बाबा, हे असंच असतं का?
शनिवारी दुसरी गाडी ठरवलीय. मागच्या स्प्रिंग मूळ उंचीच्या मागवतो आणि तोवर गाडी हलवत नाही. पण मूळ स्प्रिंग आल्यावर २१५/५० चालेल, की टायर तरीही बदलावा लागेल?

पाना_बारा
उंची ४० ने परत आली तरी २९ मिमी बाहेर आलेली कड तिथेच राहते. स्प्रिंग बसली की घासलेल्या कडेच्या आतून मळलेली कणीक चिकटव, मागे दोघांना बसवून सावकाश एका उंचवट्यावरून ने आणि दाबून किती उरली ते मोज. तो आकडा इथे टाक, मग ठरवू.