मदत हवी आहे: मुलांना पंगतीत जेवायला कसं शिकवलंत?

मंडळी, आम्ही जळगावकडचे. चंपाषष्ठीला घरी भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला की लगेच गावी भंडारा आहे. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, सगळं पत्रावळीवर. माझी मुलं ५ आणि ८ वर्षांची, डब्याच्या सवयीने चमच्याशिवाय जेवत नाहीत. बट्टी कुस्करायची, वर तूप, मध्ये आळं करून वरण घ्यायचं आणि ते पळायच्या आत कालवायचं, हे जमतच नाही. धाकट्याचं वरण थेट मांडीवर! मोठी मनगटापर्यंत माखते, शिवाय सगळ्यांना वाढून व्हायच्या आधीच सुरू करते.

सासूबाई म्हणतात, "भूक लागली की येईल आपोआप." मला ते काही पटत नाही. शेवभाजीचा रस्सा भुरकला तर मात्र मी रागावत नाही, एवढ्या तिखटाला दुसरा इलाज काय?

तुम्ही घरी सराव कसा करून घेतलात? आधी कळण्याची भाकरी-ठेचा, मग पातळ वरण, असं करू का? आणि पानात टाकायला नको म्हणून वाढप्याला "थोडंच वाढा" असं नीट सांगायला कसं शिकवलंत? आमचा धाकटा नुसताच पत्रावळीवर आडवा पडतो.