मदत हवी आहे: डाय लावला स्टेम सेल्सना, लाल झाले मॅक्रोफेज

पेट्रीडिश_नागपूर:

नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करते, तिसरं वर्ष. नाळेतून काढलेल्या स्टेम सेल्सना पीकेएच२६ हा लाल डाय लावून त्या रॉ २६४.७ मॅक्रोफेजबरोबर (उंदराच्या, कचरा खाणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) एकाच डिशमध्ये वाढवल्या. मॅक्रोफेजना काहीच लावलेलं नाही. ४८ तासांनी बघते तर जवळपास सगळे मॅक्रोफेज लाल! सर खूश. म्हणाले, स्टेम सेल्स मॅक्रोफेजना आपलं मेम्ब्रेन (पेशीचं बाहेरचं आवरण) देतायत, टाक पोस्टरवर.

मला पटत नाहीये. स्टेनिंगच्या दिवशीच स्टेम सेल्सवर एकसारखी लाल कड नव्हती, नुसते ठिपके. आणि जिथे पेशीच नाहीत तिथेही तिखट सांडल्यासारखे लाल कण.

मी केलं ते असं: ट्रिप्सिनने पेशी सुट्या केल्या, एक वॉश, मग पेशी पीबीएसमध्ये (मिठाचं बफर पाणी), कारण किटमधला डायल्युएंट (स्टेनिंगसाठीचा द्रव) संपला होता. मिलीलीटरला अडीच लाख पेशी. डाय ४ मायक्रोमोलर, थेट पेशींवर टाकून ट्यूब हलवली. पाच मिनिटं ३७ अंशांवर. पीबीएसचे दोन वॉश, त्याच ट्यूबमध्ये. कुठे चुकलं?

तर्री_पोहे:

ताई, पीबीएस वाचलं आणि पुढचं वाचायची गरजच उरली नाही 😄 हा डाय म्हणजे लांब चरबीच्या शेपट्या असलेला रेणू. तर्रीतला तिखटाचा रंग कसा तेलात बसतो, पाण्यात नाही, तसा हा मेम्ब्रेनच्या चरबीत बसतो. मीठ असलेल्या पाण्यात त्याचे लगेच गोळे होतात. म्हणून तर किटमध्ये बिनमिठाचा डायल्युएंट देतात. तुमचे लाल कण म्हणजे ते गोळेच. आणि मॅक्रोफेजच्या पुढ्यात गोळे टाकल्यावर तो खाणार नाही तर काय करणार बाप्पा?

कल्चररूम_काकू:

तर्री_पोहे बरोबर बोलतोय, पण पीबीएस ही एकच चूक नाही. मायक्रोमोलरच्या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो, एका पेशीच्या वाट्याला किती डाय आला ते बघायचं. नेहमीचं प्रमाण मिलीलीटरला १ कोटी पेशी आणि २ मायक्रोमोलर डाय. तू पेशी चाळीसपट कमी घेतल्यास आणि डाय दुप्पट, म्हणजे दर पेशीमागे ऐंशीपट!

डाय थेट पेशींवर टाकायचा नाही. एका ट्यूबमध्ये डायल्युएंटमध्ये पेशी, दुसऱ्यात डायल्युएंटमध्येच डाय, दोन्ही दुप्पट तीव्रतेचे. मग समान भाग घेऊन एका झटक्यात मिसळायचे. डाय मेम्ब्रेनमध्ये काही सेकंदांत घुसतो, त्यामुळे हळू मिसळलंस तर पहिल्या थेंबाजवळच्या पेशी लालभडक आणि उरलेल्या फिक्या. दोन ते पाच मिनिटं पुरे, तीही २५ अंशांच्या आसपास, इन्क्युबेटर नको. मेमध्ये एसी ट्रिप झालेल्या आपल्या खोलीत मिळतं ते ‘रूम टेंपरेचर’ नव्हे. मग तेवढंच सीरम (रक्तातला प्रथिनं असलेला द्रव) टाकून थांबवायचं, एक मिनिट. पुढचे वॉश सीरम असलेल्या मीडियममध्ये, किमान तीन, आणि पहिल्याच वॉशनंतर ट्यूब बदलायची, कारण डाय प्लास्टिकला चिकटून बसतो. सीरम स्टेनिंगच्या आधी मात्र नको, सगळा डाय तेच पिऊन टाकेल.

आणखी एक: डायची बाटली इथेनॉलमध्ये असते. झाकण सैल राहिलं तर उन्हाळ्यात इथेनॉल उडतं आणि १ मिलिमोलरची बाटली कधी दीडची होते कळतही नाही. तळाशी खडे दिसले तर आधी कोमट करून विरघळव.

पेट्रीडिश_नागपूर:

काकू, झाकण बघितलं. सैलच होतं 🤦‍♀️ पण सरांना ‘ट्रान्सफर नाही’ हे कसं पटवू? नुसतं ‘प्रोटोकॉल चुकला’ म्हटलं तर ऐकणार नाहीत.

कल्चररूम_काकू:

वाद घालू नकोस, कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) दाखव. शेवटच्या वॉशमधलं वरचं पाणी कोऱ्या मॅक्रोफेजवर घाल. ते लाल झाले तर सुटा डाय अजून शिल्लक आहे. दुसऱ्या डिशमध्ये डाय लावलेल्या स्टेम सेल्स तीनदा गोठवून-वितळवून मारून टाक. मेलेल्या पेशी खाणं हे मॅक्रोफेजचं कामच आहे, तेव्हा तिथलं लाल म्हणजे ‘देणं’ नव्हे, ‘खाणं’. तिसरं, ०.४ मायक्रॉनचा ट्रान्सवेल, म्हणजे दोन्ही पेशींच्या मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. पेशी पलीकडे जात नाहीत, बारीक व्हेसिकल (पेशी सोडतात त्या मेम्ब्रेनच्या पिशव्या) आणि सुटा डाय जातात.

निळा_फिल्टर:

शक्य असेल तर सीएफएसई या हिरव्या डायने पडताळून बघा. तो मेम्ब्रेनमध्ये न बसता आत जाऊन प्रथिनांना पक्का चिकटतो, त्यामुळे शेजाऱ्याला कमी लागतो. तोही दर विभाजनाला निम्मा होतोच, आणि खाल्लेली पेशी हिरवीच दिसणार, तेव्हा काकूंचा मेलेल्या पेशींचा कंट्रोल तिथेही लागेल. एक सूचना: पीकेएचनंतर अँटिबॉडी लावायची असेल तर ट्रायटन (मेम्ब्रेन विरघळवणारा डिटर्जंट) टाळा. मेम्ब्रेनची चरबी गेली की डायही गेला.

पेट्रीडिश_नागपूर:

चार दिवसांनी आले. ट्रान्सवेल अजून मिळाला नाही. पहिला कंट्रोल मात्र केला: परवा जुन्याच पद्धतीने स्टेनिंग करून शेवटच्या वॉशचं पाणी कोऱ्या मॅक्रोफेजवर घातलं, २४ तास ठेवलं. डिशमध्ये एकही स्टेम सेल नाही, आणि मॅक्रोफेज लालच लाल. फोटो काढून सरांच्या टेबलावर ठेवलाय. अजून काही बोलले नाहीत, पण पोस्टरच्या फाइलमधून ती आकृती आज सकाळी गायब होती.