पहिली ते पाचवी: आठवड्याला दोन तास वर्गाबाहेर हवेत की नकोत?

माळावरची शाळा (धाग्याची सुरुवात)

कर्नाटकातल्या सीमाभागातल्या (बेळगाव, खानापूरकडच्या) मराठी प्राथमिक शाळांसाठी एक मागणी मांडतो. पटत नसेल तर स्पष्ट लिहा. परिसर अध्ययनाचे आठवड्यातले दोन तास वर्गाबाहेर व्हायला हवेत, आणि तेही पहिलीपासून. सहल म्हणत नाही मी. शाळेचं आवार, फार तर दोनशे मीटरवरचा बांध किंवा ओढ्याचा काठ, एवढंच.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न सर्वांत आधी येतो म्हणून हिशेब देतो. शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 घड्याळी तास अध्यापन धरलं आहे. 40 मिनिटांचे दोन तास, वर्षात 30 आठवडे, म्हणजे 40 घड्याळी तास. एकूण वेळेच्या 5 टक्के. मुसळधार पावसाचे आणि परीक्षांचे आठवडे मी आधीच वगळलेत.

तासाची वाटणी अशी: पाच मिनिटं वर्गातच सूचना, वीस मिनिटं बाहेर काम, पंधरा मिनिटं परत वर्गात लिखाण. सूचना बाहेर द्यायला गेलं की तास हातचा गेला, कारण मोकळ्यावर आवाज पोचत नाही आणि मुलांचं लक्ष आधीच पांगलेलं असतं. दुसरी चूक म्हणजे ‘निरीक्षण करा’ एवढंच सांगून सोडणं. काम मोजता येईल असं द्यायला हवं.

एक काम नमुन्यादाखल. सव्वाचार मीटर सुतळी घ्या, दर मीटरला गाठ मारा, उरलेलं टोक बांधायला. चार खुंट्यांवर ताणून एक मीटरचा चौकोन करा. आत वनस्पतींचे किती प्रकार दिसतात ते मोजा. नावं येत नसली तरी चालेल, पानाचं चित्र काढून क्रमांक द्या. एक चौकोन नळाजवळ, एक झाडाखाली, एक मुलांच्या रोजच्या पायवाटेवर. तीन आकडे फळ्यावर आले की ‘असं का?’ हे मुलंच विचारतात. बहुतेक वेळा चौकोन तिरका होतो आणि क्षेत्रफळ कमी भरतं. म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे, प्रत्येकी 141 सेंटीमीटर आले पाहिजेत. पाचवीला हे सहज जमतं.

दोनशिक्षकी (विरोध)

सर, तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण शाळा कागदावर चालत नाही. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा भार: दूध, अंडी, दुपारचा आहार, ऑनलाइन माहिती, क्लस्टरची (आसपासच्या शाळांच्या गटाची) बैठक. म्हणजे बऱ्याच दिवशी पाच वर्ग एकाच माणसाच्या अंगावर. वर्गात निदान चार भिंती तरी मदतीला असतात. तोच माणूस चाळीस पोरं घेऊन बांधावर गेला तर तो शिकवणार की पोरं मोजत बसणार?

मूळ अडचण वाचनाची आहे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट, आणि त्याची मुदत 2026-27. आपल्या मुलांवर तर दुहेरी भार. मराठीत वाचन पक्कं व्हायचं असतं आणि कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्यानं कन्नडही शिकायचीच असते. शिकवूच नये असं मी म्हणत नाही, मुलांना इथंच जगायचंय. पण ज्या मुलाला ओळ लावता येत नाही, त्याचे हे 40 तास मला वाचनाला हवेत. पाच टक्के म्हणजे थोडं, हे त्याला वाचता येतं असं धरूनच म्हणता येतं.

नलीकली ते पाचवी

दोनशिक्षकींच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर आहे. पहिली ते तिसरीच्या नली-कलीत (कर्नाटकातली खेळत शिकण्याची पद्धत) मुलं एकत्र, गटात बसून, कार्डं घेऊनच शिकतात. तीच रचना बाहेर न्यायची.

पाच-पाचांचे गट, प्रत्येक गटात चौथी-पाचवीचं एक मूल. आवारात फक्कीनं हद्द आखा आणि आत ठिकाणं ठरवून क्रमांक द्या. शिक्षकानं मधे एकाच जागी उभं राहायचं, गटांमागे फिरायचं नाही. एका गटाकडे वाकलात की बाकीचे नजरेआड. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन लांब शिट्ट्या म्हणजे परत या. निघताना आणि परतल्यावर मोजणी गटप्रमुखाची, तुमची फक्त बेरीज. पहिले तीन-चार आठवडे फक्त जाणं-येणं आणि शिट्टी एवढंच बसवा, कामं त्यानंतर. ही पायरी गाळली की महिन्याभरात उपक्रम बंद पडतो आणि दोष मुलांना जातो.

आवाराच्या हद्दीबाहेर मात्र एकट्या शिक्षकानं जाऊ नये. त्यासाठी एसडीएमसीचे (शाळेच्या पालक-समितीचे) दोन पालक सोबत हवेतच. तेवढं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

साहित्यात पाटी नको, भुरभुर पाऊस आला की सगळं पुसतं. जाड पुठ्ठा, क्लिप आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई फुटते.

शिवारवाडी (विरोध)

खानापूर तालुक्यातल्या मुलाला तुम्ही निसर्ग काय दाखवणार ओ? भाताचा तरवा कधी टाकायचा, गवा कुठल्या बाजूनं शेतात उतरतो, हे त्याला तुमच्याआमच्याआधी कळतं. त्याच्या घरात नाही ते पुस्तक, नकाशा, प्रयोगाची पेटी. शाळेनं ते द्यावं. शहरातल्या मुलांना मातीत न्या, त्यांना गरज आहे.

आणि पालक काय म्हणतील याचाही विचार करा. मुलं तासाला बाहेर दिसली की ‘शिकवत नाहीत’ म्हणतात आणि पुढच्या जूनला पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमाला पाठवतात. पट घटला की शाळेवरच गदा. मराठी शाळेला हा धोका परवडणारा नाही.

पर्जन्यमापक

शिवारवाडी, मुलाला माहिती असते हे खरं. पण माहिती असणं आणि मोजून, लिहून, ताडून बघणं यात अंतर आहे, आणि तेवढंच शाळेचं काम. ‘यंदा पाऊस जास्त’ हे घरात कळतं. किती जास्त, हे नाही कळत.

दोन लिटरची, उभ्या सपाट बाजूंची बाटली घ्या. वळ्या असलेली नको, तिच्यात उंची आणि पाऊस यांचा मेळ बसत नाही. खांद्याखाली कापून वरचा भाग उलटा बसवा, तो नरसाळं होतो. तळाला खडे घाला आणि बाजू जिथं सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा. ती शून्याची खूण, तिथून वर पट्टी चिकटवा. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट लांब ठेवा. हवामान खातं सकाळी 8.30 ला वाचन घेतं. तुम्हाला प्रार्थनेची वेळ सोयीची असेल तर तीच घ्या, पण रोज तीच. वाचन झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. हे विसरलं की दुसऱ्या दिवशीचा आकडा फुगतो. अशा बाटलीत साधारण 150 मिलिमीटर मावतात. जुलैत खानापूरच्या घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीकडं एका दिवसात त्याहून जास्त पडू शकतो, म्हणून तिकडं दिवसातून दोनदा वाचा आणि बेरीज करा. कमी पावसाच्या अथणीतल्या शाळेशी आकडे फोनवरून ताडून बघा, एकाच जिल्ह्यात केवढा फरक आहे ते पाचवीच्या मुलाला तक्त्यावरच दिसेल.

मग गणित. 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे 1,000 लिटर पाणी. हा आकडा मुलगा घरी सांगतो तेव्हा ‘शिकवत नाहीत’ म्हणणाऱ्या पालकाला उत्तर मिळतं.

सावलीचंही तसंच. एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ रोवा आणि 12 ते 1 दर पाच मिनिटांनी टोकाला खूण करा. बेळगावात सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते पाऊण यांच्या दरम्यान पडते. घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, आपण 74.5 अंशांच्या आसपास, त्यातच 32 मिनिटं गेली. बाकीचा फरक पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्यातला आणि तिच्या कललेल्या आसाचा. हे कुठल्या शेतात शिकायला मिळतं?

आरोग्य विभागातून

बाजू घेत नाही, पण अटी घालतो. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा काळ. शेजारच्या दोडामार्गात आणि गोव्याच्या सत्तरीत रुग्ण सापडलेले आहेत, आणि पश्चिम खानापूरचं जंगल त्याला लागूनच आहे. रोग गोचिडीच्या पिलांमार्फत येतो आणि ती पालापाचोळ्यात असतात. त्या महिन्यांत त्या पट्ट्यातल्या शाळांनी झाडलेल्या आवारातच काम करावं, पाचोळ्यावर बसवू नये. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. खाजकुयलीच्या शेंगाही याच दिवसांत वाळतात, कुंपण आधी तपासा.

वळिवात गडगडाट ऐकू आला की आत. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अंग हलू द्यायचं नाही, 108 ला फोन. मधमाश्यांचं आग्या मोहोळ असेल तर त्या बाजूला जायचंच नाही.

दोनशिक्षकी

शिट्टी-गटाची रीत आणि पावसाचं गणित पटलं. तरी पहिली-दुसरीला मी अजून तयार नाही. तिसरी ते पाचवी, आठवड्याला एक तास, आणि शेवटची पंधरा मिनिटं लिखाण सुटता कामा नये. लिखाण गेलं तर माझ्या दृष्टीनं तो खेळाचा तास.

माळावरची शाळा

लिखाणाची अट मान्य, आणि त्यातच तुमच्या वाचनाचं उत्तरही आहे. पहिलीचं मूल बाहेरून तीन पानं आणतं, तुम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिता: आंबा, फणस, जांभूळ. चौथीला त्याच फळ्यावर कन्नडमध्ये मावु, हलसु, नेरळे. पान हातात, शब्द समोर. हा वाचनाचाच तास झाला, म्हणून तो तुमच्या 40 तासांतून वजा करू नका. पहिली-दुसरीला वीसऐवजी दहा मिनिटं बाहेर आणि पंचवीस मिनिटं शब्द-वाक्यं, असं एक सत्र करून बघायला तयार आहात का? सत्राअखेर तुमचीच वाचनचाचणी लावा. फरक पडला नाही तर पहिली-दुसरीची मागणी मी सोडतो, वरच्या वर्गांची सोडणार नाही.