मदत हवी आहे: मार्चअखेरीस झायनमधल्या थंड पाण्याच्या घळी (युटा)

नमस्कार,

मी, माझी पत्नी, थोरला भाऊ आणि वहिनी असे आम्ही चौघे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात पाइन क्रीक आणि कीहोल या दोन घळी दोराने उतरण्याचा विचार करत आहोत. याच दिवसांत जाण्याचे कारण एवढेच, की भाऊ-वहिनी पुण्याहून येणार आहेत आणि त्यांना मिळालेली सुट्टी पुढे ढकलता येत नाही.

सह्याद्रीत आम्ही चौघांनीही बरेच रॅपलिंग (दोराने कडा उतरणे) केले आहे, सांदण दरी दोनदा पूर्ण उतरलो आहोत आणि मी इथे राहायला आल्यापासून युटातल्या नॉर्थ वॉश भागातल्या कोरड्या घळीही केल्या आहेत. दोराची आम्हाला भीती नाही. भीती पाण्याची आहे, आणि तीही बुडण्याची नव्हे, गारठण्याची.

गेल्या नोव्हेंबरात एका घळीतल्या रांजणखळग्यात मी छातीइतक्या पाण्यात जेमतेम दहा मिनिटे होतो. अंगात साधे कपडे होते, कारण घळ कोरडी असेल अशी माझी समजूत होती. बाहेर आल्यावर हार्नेसवरच्या (कमरेच्या पट्ट्यावरच्या) कॅराबिनरचा, म्हणजे धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवायला गेलो, तर अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकेनात. शेवटी दोन्ही तळव्यांत स्क्रू धरून तो पीठ मळल्यासारखा घासत फिरवावा लागला. पुढचा उतार दहाच फुटांचा होता म्हणून निभावले. पाइन क्रीकचा शेवटचा रॅपल सुमारे शंभर फुटांचा आणि अधांतरी आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत माणूस अनेकदा भिजलेला असतो. हा विचार मनातून जात नाही.

वाचून जे कळले ते असे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते. झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेल गावात मार्चमध्ये दुपारी सुखद ऊन असते, पण घळीच्या तळाला सूर्य पोहोचत नाही आणि वरच्या पठारावर तेव्हा बर्फ असते. पाइन क्रीकची श्रेणी ३-बी दिली जाते. त्यातला ‘३’ म्हणजे दोराने उतरावी लागणारी घळ, ‘बी’ म्हणजे साचलेले पाणी, ज्यात चालावे किंवा पोहावे लागते, आणि ‘सी’ म्हणजे वाहते पाणी. परवाना तर घ्यायचाच आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी कीहोलमध्ये अचानक आलेल्या पुरात सात जण गेले, आणि मार्च २०२३ मध्ये दक्षिण युटातल्याच बकस्किन गल्चमध्ये पुरात दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा वसंतात पूर येत नाही असे मानून चालणार नाही हेही समजते.

माझे प्रश्न:

बर्फ वितळू लागल्यावर पाइन क्रीकला ‘बी’ मानावे की ‘सी’? ५ मिलिमीटरचा वेटसूट (आत पाणी शिरले तरी ऊब धरणारा रबरी पोशाख) पुरेल की ड्रायसूटच (पाणी आत येऊ न देणारा पोशाख) भाड्याने घ्यावा? हातमोजे घातल्यावर डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) दोर नीट ओवता येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, वहिनी अगदी सडपातळ आहेत आणि त्यांना थंडी लवकर बाधते. त्यांना नेणे योग्य ठरेल का? त्या स्वतः उत्सुक आहेत, त्यामुळे केवळ काळजीपोटी त्यांना नाही म्हणावे असे मला वाटत नाही.

प्रतिसाद

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. वहिनींना न्यायचे की नाही हे त्यांच्या उत्साहावर ठरवू नका आणि तुमच्या काळजीवरही नको. मिळणारा सूट घालून त्यांना आधी उघड्या जागी, गाडी जवळ असताना, थंड पाण्यात वीस मिनिटे उभे राहू द्या आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने डिसेंडर लावायला सांगा. ते जमले नाही, तर पाइन क्रीक सोडून द्या. हीच परीक्षा तुम्हा तिघांचीही व्हायला हवी.

पोहण्यापेक्षा थांबण्यात माणूस जास्त गारठतो. पाच-सहा रॅपल आणि चार माणसे असा हिशेब मांडला, तर प्रत्येक रॅपलला शेवटच्या माणसाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटांचा खोळंबा येतो, आणि तो बहुधा ओल्या कपड्यांत, सावलीत, घळीतून वाहणाऱ्या वाऱ्यात. म्हणून वहिनी शेवटी नकोत आणि पहिल्याही नकोत. खाली उतरलेल्याने पाण्यात उभे न राहता पुढच्या कोरड्या जागेपर्यंत जावे. डिसेंडर पाण्यात शिरण्याआधीच हार्नेसला अडकवून ठेवा. दोर असा बांधा की मधेच कोणाची बोटे थिजली, तर वरच्या माणसाला तो सैल सोडून त्याला सावकाश खाली घेता येईल. ही पद्धत सह्याद्रीत फारशी लागत नाही, त्यामुळे घरी झाडाला दोर बांधून चौघांनीही तिचा सराव करावा.

मार्चअखेरीस मी ड्रायसूट घेईन. स्प्रिंगडेलमध्ये तो भाड्याने मिळतो. फक्त पार्श्वभाग आणि गुडघे कातळाला घासू देऊ नका, एक भोक पडले की त्याचा उपयोग संपला. आत लोकरीचे कपडे, डोक्याला निओप्रीनची (वेटसूटच्याच रबरी कापडाची) टोपी. हातमोजे घालून दोर ओवता येतो, पण सवय लागते.

‘बी’ की ‘सी’ याचे उत्तर कोणी आज देऊ शकणार नाही. त्या सकाळी झायन-माउंट कार्मेल रस्त्यावरच्या बोगद्याच्या पूर्व तोंडाशी, जिथून पाइन क्रीकमध्ये उतरतात, थांबून ओढा पाहा. पाणी खळाळत असेल, तर ते ‘सी’ समजून परत फिरा. राष्ट्रीय हवामान सेवेचा पुराचा अंदाजही त्याच सकाळचा पाहा, आदल्या रात्रीचा नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. खोळंब्याचा हिशेब मी केलाच नव्हता. वहिनींना हे सगळे वाचून दाखवले. पाण्यातली परीक्षा त्यांना मान्य आहे. आधी फक्त कीहोल करायचे आणि पाइन क्रीकचा निर्णय त्यानंतर घ्यायचा असे ठरवले आहे. कीहोलही जमली नाही, तर नॉर्थ वॉशच्या कोरड्या घळी आहेतच. वरून दोर सैल सोडण्याच्या पद्धतीत आठ आकाराचा डिसेंडर अँकरला (दोर अडकवलेल्या आधाराला) कसा बांधून ठेवतात, हे कोणी सविस्तर लिहू शकेल का? शनिवारी अंगणातल्या झाडावर सराव सुरू करत आहोत.